बसत्या धुराचा गोमाजी

आमच्या गावात कुणाला ठसका लागला की तो आधी वारा कुठून येतोय ते बघायचा आणि मग गोमाजीच्या नावाने दोन शब्द बोलायचा. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. गोमाजीला ते सगळे माहीत होते, आणि त्यातल्या एकाचंही त्याला वाईट वाटत नसे. लोक शिव्या देतात म्हणजे धूर पोचला, असा त्याचा साधा हिशेब होता.

गोमाजी पानमळेवाला. अकोटहून अंजनगावकडे जाणाऱ्या वाटेवर, सातपुडा समोर दिसतो अशा जागी आमचं गाव आहे. तिथे त्याचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा, पुंडलिकाचा, सामाईक मळा होता, माझ्या शेताच्या बांधाला अगदी लागून. त्यामुळे त्याचा धूर सर्वांत आधी खाण्याचा मान माझा. माझ्या धोतराला, माझ्या भाकरीला, इतकंच काय माझ्या बैलांनासुद्धा तंबाखूचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास येई. लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोला पहिले काही दिवस वाटत होतं की नवरा चोरून चिलीम ओढतो. तिची समजूत घालायला मला गोमाजीलाच घरी बोलवावं लागलं. तो उंबऱ्यात उभा राहिला मात्र, आणि तिचा संशय फिटला.

ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की तो शेतासारखा उघडा नसतो. चारी बाजूंनी पऱ्हाटीचे आणि तुराट्यांचे, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांचे कूड, वर शेवरीची, पांगाऱ्याची दाट सावली, मध्ये जिथे ऊन शिरेल तिथे वरून गवताचं छप्पर घातलेलं. भर वैशाखात बाहेर तळपाय भाजत असले तरी आत ओला गारवा आणि हिरवट उजेड. वेलींसाठी बांधलेलं ते घरच. आता घर म्हटलं की नको ती मंडळीही येऊन राहतात. पानांच्या पाठीला मावा बसतो, बारीक किड्यांची नुसती गर्दी, आणि पाहता पाहता पान आक्रसून पिवळं पडतं. मागून चिकटा येतो. त्यावर उपाय एकच, कोंडून धुरी देणे. हे सगळेच पानमळेवाले करत. पण बाकीच्यांसाठी ते काम होतं आणि गोमाजीसाठी ते जवळजवळ देवाधर्मात मोडत होतं.

त्याची पद्धत ठरलेली. वारा पडलेली संध्याकाळ निवडायची. भोकं पाडलेल्या गाडग्यांत गोवरीचे निखारे घालायचे, वर तंबाखूचे वाळके देठ, त्यावर लिंबाचा ओलसर पाला, आणि शेवटी चिमूटभर काहीतरी, जे तो कुणाला सांगत नसे. माझा अंदाज आहे की ते काहीच नव्हतं. तो रिकामीच चिमूट सोडत असावा. मग दाराला ओलं तरट लावून आत कोंडून घ्यायचं. हो, स्वतःला सुद्धा. दुसरे लोक गाडगी ठेवून बाहेर पळत, हा नाकाला ओलं फडकं बांधून वेलींमध्ये मांडी घालून बसे. मी एकदा विचारलं की बाबा, तू कशाला मरतोस आत? तर म्हणाला, "आपून ज्या धुरात बसू शकत नाई, तो तिले कसा द्याचा?" तिला म्हणजे वेलीला. वेलीचा उल्लेख तो नेहमी घरातल्या सुनेसारखा करी, आणि खऱ्या सुनेशी बोलणार नाही इतक्या हळू आवाजात तिच्याशी बोले.

धूर उठता कामा नये, बसला पाहिजे, हे त्याचं मुख्य तत्त्व. भगभगून छपराकडे जाणारा धूर कुचकामी, जमिनीलगत रेंगाळून पानांच्या पाठीला चिकटणारा धूर खरा. पुढे पुढे तो माणसंही याच मापाने मोजायला लागला. गावच्या पाटलाला तो उठत्या धुराचा म्हणे, कारण पाटील बोलायचे फार. माझी गणती त्याने कशात केली होती ते मी कधी विचारलं नाही. विचारण्यात धोका होता.

धुरीवर त्याचा असा विश्वास बसला होता की वेलींवर भागेना. म्हशीला गोचीड झाले, दे धुरी. बाजेत ढेकूण झाले, दे धुरी. जावा-जावांचं भांडण लागलं तरी हा गाडगं घेऊन दारात हजर. एकदा माझे सासरे तिवशाहून आमच्याकडे मुक्कामाला आले होते. म्हातारपण, थंडीचे दिवस, त्यांना सर्दी झाली आणि ती जाईना. गोमाजीने मला न विचारता माझ्या माजघरात ओव्याची आणि तंबाखूची धुरी दिली. सासरे त्या वेळी पाटावर बसून जेवत होते. ते जे उठले ते थेट रस्त्यावर, हाताला भात तसाच, आणि डोळ्यांतून धारा. सर्दी त्यांची गेली हे खरं. सासरेही गेले, त्याच दिवशी, आणि पुढे बराच काळ आमच्या घरी फिरकले नाहीत. गोमाजी हे दोन्ही गुण आपल्या धुरीच्या खात्यात धरायचा. माझी बायको त्याच्याशी महिनाभर बोलली नाही, आणि मला मात्र त्याच्यावर मनापासून रागावता येईना.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि त्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्यांच्या घरी सणाला तेवढा गूळ दिसायचा त्यांच्याकडे रोज गोडाधोडाचं होऊ लागलं. लोकांनी ज्वारी कमी केली, तीळ सोडला, मिरचीचे वाफे मोडले, जिथे बोटभर माती दिसेल तिथे सरकी टोचली. मीही त्यातलाच, बांधावरसुद्धा कापूस पेरायचा बाकी ठेवला होता एवढंच. गावातले पानमळे एकेक करून मोडले. कूड उपटले, वेली तोडल्या, आणि त्या थंड जागेवर ऊन पडलं. शेवटी गोमाजी-पुंडलिकाचा एकच मळा उरला.

गंमत अशी की पैसा आला तसं पान खाणंही वाढलं. गोमाजीची बायको ठकूबाई पानं खुडून, निवडून, टोपलीत चळती लावून बसे तोवर गिऱ्हाईक दारात उभं. पण पुंडलिकाचा जीव कापसात होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे सगळे सोबती चांदीच्या शेंब्यांचे बैल हाकत होते आणि हा पानाची टोपली उचलत होता, एवढंच. शिवाय आदल्या साली माव्याने अर्धा मळा वाळला होता. एका संध्याकाळी तो भावाच्या ओट्यावर येऊन बसला. मीही तिथेच पान लावत होतो, म्हणून हे कानांनी ऐकलेलं सांगतो.

"भाऊ, मी काई वेलीचा वैरी नाई," पुंडलिक म्हणाला. "पन यंदा मावा लागला अन् मळा हातचा गेला, तर कूड मोडू अन् कापूस पेरू."

"अन् लागलेला मावा म्या उतरवला तर?"

"तर मळा तुहा. मी पुन्हा कापसाचं नाव नाई घेत."

गोमाजीने लगेच हो म्हटलं. इतकंच नव्हे, तर त्याला आनंद झाला. माव्याने यावंच, अशी त्याची जवळजवळ इच्छा दिसली. ठकूबाईने आतून कपाळावर हात मारलेला मी पाहिला.

त्या दिवसापासून मळ्यात शिरणं म्हणजे एखाद्या सोवळ्यातल्या घरात शिरणं झालं. पायतण बाहेर, चूळ भरलेली, हे तर आधीपासून होतंच. आता त्यात कापसाची भर पडली. गोमाजीच्या डोक्यात बसलं की मावा आमच्या कापसातूनच येतो, आणि आमच्या कपड्यांना चिकटून येतो. म्हणून दारात लिंबाची एक फांदी घेऊन तो उभा राही आणि येणाऱ्याला मानेपासून पोटरीपर्यंत झाडून काढी. मला तो इतका झाडत असे की मी त्याला म्हटलं, गोमाजी, अंगातलं भूत निघालं असेल आता, सोड. तो म्हणाला, "भूत राहू दे, तंतू नाई राह्यला पायजे."

याच सुमारास अमरावतीचा एक कापसाचा दलाल गावात आला. पुंडलिकाने त्याला भावाची समजूत घालायला आणलं. दलाल तलम अंगरखा घातलेला, गोड बोलणारा. गोमाजीने त्याला आदराने झाडला, आदराने आत नेला, बसायला पोतं दिलं, आणि बोलता बोलता दाराला ओलं तरट लावलं. दलालाला वाटलं उन्हासाठी असेल. मग एकेक गाडगं पेटलं. दलालाने कुठेतरी ऐकलं होतं की धुरात खाली वाकावं म्हणजे श्वास घेता येतो, म्हणून तो बिचारा जमिनीशी वाकला. पण गोमाजीचा धूर बसणारा. तो बरोबर तिथेच होता. थोड्या वेळाने तरट बाजूला सारून जो माणूस बाहेर पडला त्याला बोलता येत नव्हतं, आणि डोळे पुसायला तो स्वतःचा फेटा सोडत होता. गोमाजी गावभर सांगत सुटला की दलाल वेली पाहून रडला, असा हळवा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. पुंडलिक चार दिवस त्याच्याशी अबोला धरून होता, पण त्यालाही जेवताना मध्येच हसू फुटायचं, असं ठकूबाई सांगे.

आणि मग मावा आला. होळी होऊन गेली होती, ऊन चढत होतं, आणि एका सकाळी खालच्या ओळीतली पानं गोमाजीने उलटी करून पाहिली. नेहमी माव्यावर तुटून पडणारा हा माणूस त्या दिवशी माझ्या बांधावर येऊन नुसता बसून राहिला. मी विचारलं, काय झालं? तेव्हा कळलं की धुरीला तंबाखूचे देठच नव्हते. असणार कुठून? ज्यांच्याकडून तो दरसाल देठ आणायचा त्या सगळ्यांनी तंबाखू मोडून कापूस पेरला होता. तेल्हाऱ्यापर्यंत तो पायी फिरून आला. शिंगांना चांदी लावलेले बैल त्याला ठिकठिकाणी दिसले, तंबाखूचं शेत काही दिसलं नाही. नुसत्या लिंबाच्या पाल्याने मावा गुंगतो पण मरत नाही, असं तो म्हणाला. त्या वेळी त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता, आणि मला पहिल्यांदा त्याच्या मळ्याची खरी काळजी वाटली.

पण दुसऱ्या दिवशी तो गावात घरोघर फिरत होता. मागत काय होता, तर लोकांच्या चंच्यांतली तंबाखू. खायची, मळायची, चिलमीची, जी असेल ती. लोक हसले. मग त्याने शांतपणे सांगितलं की मळा गेला तर पान गेलं, आणि पान गेलं की या नवश्रीमंतांनी तंबाखू कशाबरोबर खायची ते त्यांनी ठरवावं. हे मात्र लोकांना पटलं. कुरकुरत का होईना, चंच्या रिकाम्या झाल्या. पाटलांनी आपली खास जपून ठेवलेली तंबाखू दिली, आणि देताना इतके कमी शब्द बोलले की गोमाजीने त्यांना त्या दिवसापुरतं बसत्या धुरात घेतलं. पुढचे काही दिवस गावात कुणी कुणाशी धड बोलेना. बायका माहेरी जायच्या गोष्टी करू लागल्या. माझं स्वतःचं डोकं असं दुखत होतं की बैलसुद्धा मला पाहून बाजूला सरकत.

आता इतक्या कष्टाने मिळवलेला धूर वाया जाऊन कसं चालेल? गोमाजीने कुडांच्या फटी बुजवायला घेतल्या. आधी गवत कोंबलं, मग तेवढ्याने समाधान होईना म्हणून शेणामातीने चारी कूड आतून-बाहेरून लिंपून काढले, भिंतीसारखे. एक फुंकरभरसुद्धा धूर बाहेर गेला नाही पाहिजे, असा त्याचा हट्ट. आणि मान्य केलं पाहिजे, गेला नाही. त्या वेळच्या धुरीत माझ्या बांधावर पहिल्यांदा शुद्ध हवा होती. तो आत बसला, बाहेर आला तेव्हा डोळे पळसाच्या फुलांच्या रंगाचे झाले होते, आणि पुन्हा आत गेला. अशा किती धुऱ्या दिल्या ते मी मोजलं नाही. शेवटी त्याने मला आणि पुंडलिकाला हाताला धरून आत नेलं आणि पानं उलटी करून दाखवली. मावा वाळून झडत होता. पुंडलिकाने एकेक पान नीट पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, मळा तुहा."

गोष्ट इथे संपवता आली असती तर मला फार आवडलं असतं.

गोमाजी जिंकला होता, आणि जिंकलेल्या माणसाला कुणी काही सांगू नये हे ठकूबाईला माहीत नव्हतं. तिने सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. "अवो, आता कूड मोकळे करा. वेलीले वारा पायजे." पण ते लिंपलेले कूड आता गोमाजीचा अभिमान झाले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्यांच्यावर थाप मारून दाखवी. माव्याला आत यायला वाटच ठेवली नाही, म्हणे. उन्हाळाभर ते चाललंही. मग श्रावण लागला. झड धरली, सूर्य दिसेना, आणि मळ्यात शिरलेली ओल बाहेर पडेना. तिलाही वाट ठेवलेली नव्हती. आत गेलं की अंगाला घाम येई आणि कुजकट वास नाकात बसे. एका वेलीचं बूड काळं पडलं, मग तिच्या शेजारणीचं. त्याला मर म्हणतात. मुळाशी धरते, आणि पानं वरून हिरवी दिसत असतानाच वेल मान टाकते.

गोमाजीने त्यालाही धुरी दिली. उरलासुरला सगळा पाला जाळला. मर मातीत असते, धूर तिच्यापर्यंत पोचत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण हातात असलेलं एकच औषध माणूस देतच राहतो.

भाद्रपदातल्या एका सकाळी कुडावर घाव पडल्याचा आवाज आला म्हणून मी बांधावर गेलो. गोमाजी आतून कूड फोडत होता. लिंपणाची ढेकळं पडत होती आणि त्या भोकांतून उजेड आत जात होता. बाहेर पुंडलिक उभा होता, हात न लावता.

"भाऊ, राहू दे," तो म्हणाला. "नव्या वेली लावू. मी आनतो अंजनगावहून."

"या मातीत आता वेल धरत नाई, तुले मालूम हाये." गोमाजी थांबला नाही. "माव्यानं नाई मारला मळा. म्या मारला, माह्या हातानं लिंपून. पेर आता कापूस."

"बोली तशी नोती. मळा तुहा हाये."

"माहा हाये म्हनूनच सांगून राह्यलो."

मग दोघा भावांनी मिळून ते कूड पाडले. मी मदतीला गेलो तर गोमाजीने सवयीने दारातली लिंबाची फांदी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच खाली ठेवली. आयुष्यात मला तेवढं एकदाच वाटलं की या माणसाने आपल्याला झाडावं.

पुढच्या मृगात तिथे कापूस पेरला. झाडं गुडघ्याच्या वर आली तोवर ती सातासमुद्रापलीकडची लढाई संपल्याची आणि भाव बसल्याची बातमी अमरावतीहून येऊन धडकली. चांदीच्या शेंब्या एकेक करून शिंगांवरून उतरल्या. पाटील बोलायचे कमी झाले. पुंडलिक त्या शेतात जाई, पण कडेकडेने चालून परत येई. गोमाजीने त्याला एक शब्द ऐकवला नाही. त्याने फक्त एवढंच केलं की एक दिवस कापसाची पानं उलटी करून पाहिली, आणि त्यांना मावा होता.

त्याची शेवटची आठवण त्याच दुपारची आहे. नंतर मी त्याला पाहिलंच नाही असं नाही, पण माझ्या मनात तो तिथेच राहिला आहे. दिवस कलला होता, वारा सुटला होता, आणि हा अनवाणी माणूस धुरकटणारं गाडगं घेऊन उघड्या शेतात कापसाच्या ओळींमधून फिरत होता. प्रत्येक झाडापाशी गाडगं ठेवी, नाकाला फडकं बांधून शेजारी उकिडवा बसे. धूर झाडाला शिवायच्या आत वाऱ्याबरोबर माझ्या बांधावर येई आणि तिथून सातपुड्याकडे जाई. मी हसलो. सवयच होती. मग मला दिसलं की पुंडलिक पलीकडे उभा राहून हे पाहतोय. तो तडक घराकडे वळला. मला वाटलं, चिडला.

तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर जाजम होतं, तेजीच्या दिवसांत हौसेने घेतलेलं, पाहुण्यांखेरीज कुणासाठी न अंथरलेलं. त्याचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "धर, नारायणा." आम्ही दोघे कर्ते-सवरते बाप्ये वाऱ्याच्या बाजूला ते जाजम आडवं ताणून उभे राहिलो, कुडासारखं. गोमाजीने मान वर केली नाही. आभार नाही, आश्चर्य नाही. मला त्या माणसाची त्या क्षणी इतकी माया आली की हातातलं टोक मी घट्ट धरलं.

"खालून फट राह्यली," गोमाजी फडक्यातून म्हणाला. "टेकवा जरा."

आम्ही वाकून जाजमाची किनार मातीला टेकवली. तेवढ्या एका झाडाभोवती धूर थोडा वेळ थांबला. मग गोमाजी उठला, गाडगं उचललं आणि पुढच्या झाडाकडे निघाला. शेत मोठं होतं. आम्ही जाजम उचललं आणि त्याच्या मागे गेलो.